बारा ओव्हरची बोली

इंग्लंडमधल्या ज्या काउंटी क्रिकेट क्लबमध्ये मी फिजिओ होते त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्यातली दोन-तीन माणसं अजून त्याच गावात राहतात आणि मला आता कोणाशी भांडायला जायचं नाही. राग मात्र अजून आहे. एप्रिल आला, टीव्हीवर दोन-दोन स्वेटर घातलेले खेळाडू हातांवर फुंकर मारताना दिसले, की तो पुन्हा वर येतो आणि नवरा चॅनेल बदलतो.

दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. त्याआधी आठ वर्षं मी ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलमध्ये होते. गुडघा बदललेल्या आजीबाईंना जिना चढायला लावायचा, पाठ धरलेल्या बस ड्रायव्हरना व्यायाम शिकवायचे, हे माझं काम. मग नवऱ्याला, तो भूलतज्ज्ञ आहे, दुसऱ्या गावात कन्सल्टंटची पोस्ट मिळाली आणि आम्ही सहा वर्षांच्या मुलीला घेऊन तिकडे गेलो. तिथल्या क्लबला फिजिओ हवा होता. मी अर्ज केला तेव्हा लंडनजवळच्या पिनरला राहणारी माझी बहीण फोनवर खूप हसली. पुण्यात शाळेच्या दिवसांत मी रेडिओला कान लावून टेस्ट मॅच ऐकायचे आणि गणिताचा गृहपाठ तिच्याकडून करून घ्यायचे, ते तिला आठवत होतं. मला वाटलं, आवडीचं आणि पोटापाण्याचं एकत्र आलं. असं नशीब किती जणांचं असतं?

नोव्हेंबरात रुजू झाले. ड्रेसिंग रूमच्या मजल्यावर बायकांसाठी टॉयलेट नव्हतं. मला दोन जिने उतरून, मेंबर लोकांच्या बारमधून वाट काढत पलीकडे जावं लागे. अंगात क्लबचा ट्रॅकसूट असतानाही एका वयस्कर मेंबरने मला दोन चहा आणायला सांगितले. मी कोण ते त्यांना समजावलं, त्यांनी सॉरी म्हटलं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन चहा सांगितले. तेव्हा मी हे हसण्यावारी नेत होते. घरी आल्यावर नवऱ्याला नक्कल करून दाखवायचे. आता वाटतं, तिथेच एकदा आवाज चढवला असता तर पुढचे सगळे प्रसंग जरा सोपे गेले असते.

खेळाडू मात्र बरे वागले. ते मला नुसतं 'फिजिओ' म्हणत. त्यांच्यात एक फास्ट बोलर होता, ज्याच्याबद्दल मला सांगायचं आहे. एकतीस वर्षांचा, उंच, हडकुळा, कानांची टोकं थंडीत लालबुंद होणारा. वडील लॉरी चालवायचे. अठराव्या वर्षी तो या क्लबमध्ये आला आणि दुसरीकडे कुठे गेलाच नाही. देशाच्या संघात त्याचं नाव कधी आलं नव्हतं आणि आता येणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. पण दर सीझनला क्लबचं निम्मं ओझं तोच वाहायचा. दोन मुली होत्या त्याला. धाकटी माझ्या मुलीच्या वर्गात होती, त्यामुळे सकाळी शाळेच्या फाटकाशी त्याची बायको आणि मी रोज भेटायचो. त्याचा कॉन्ट्रॅक्ट त्या सप्टेंबरात संपत होता, हे मला तिच्याकडूनच कळलं.

मार्चमध्ये नेट प्रॅक्टिस सुरू झाली. एका दुपारी मी पाहिलं की तो बुटाची नाडी बांधायला वाकत नाहीये. पाय बाकावर उचलून घेतोय. हॉस्पिटलमध्ये हजार वेळा पाहिलेली गोष्ट ती. मी त्याला आत बोलावलं आणि डाव्या पायावर उभं राहून मागे झुकायला सांगितलं. तो झुकला आणि त्याचा चेहरा पांढरा झाला. तरी म्हणाला, काही नाही, थंडीने आखडलंय. एकोणिसाव्या वर्षी त्याच्या पाठीच्या त्याच मणक्याला चीर गेली होती, हे त्याच्या जुन्या फायलीत होतं. मी स्कॅन मागितला. हाडांच्या डॉक्टरांचा रिपोर्ट स्पष्ट होता. हाडात सूज आहे, अजून चीर नाही. विश्रांती दिली तर भरून येईल, बोलिंग चालू ठेवली तर मोडेल. आठ ते बारा आठवडे एकही चेंडू टाकायचा नाही.

मी रिपोर्ट घेऊन कोचकडे गेले. हा गृहस्थ स्वतः एके काळचा फास्ट बोलर. दोन्ही गुडघ्यांत इंजेक्शनं घेऊन आपण कसे सीझनचे सीझन काढले, हे तो अभिमानाने सांगायचा. जिना मात्र कठड्याला धरून, एकेक पायरी अंग आडवं करत उतरायचा. त्याने रिपोर्ट वाचला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, की प्रत्येक फास्ट बोलरच्या पाठीचा स्कॅन काढला तर असंच काहीतरी दिसेल. मी म्हटलं, नाही दिसणार. मग तो हसला.

"तुमच्याकडे स्पिनर्सच जास्त ना?" तो म्हणाला. "वेगाने बोलिंग करणाऱ्याचं अंग दुखतंच. ते आम्ही जन्मभर पाहत आलोय."

मला भयंकर राग आला. मी आठ वर्षं माणसांचे मणके हाताळले होते, आणि हा मला माझ्या देशातल्या खेळपट्ट्यांवरून ओळखत होता. मी एवढंच म्हटलं, की मी त्याला फिट म्हणणार नाही.

पण एप्रिल जवळ येत गेला तशा गोष्टी बिघडत गेल्या. परदेशातून यायचा होता त्या बोलरचा व्हिसा अडकला. दुसऱ्याच्या मांडीचा स्नायू फाटला. सीझनच्या पहिल्या महिन्यात चार दिवसांच्या चार मॅच होत्या, आणि नवा चेंडू टाकायला माणूस नव्हता. कोच माझ्याकडे येईनासा झाला. त्याऐवजी एक दिवस बोलर स्वतः माझ्या खोलीत आला, दार लावून घेतलं आणि ट्रीटमेंट टेबलाच्या कडेला बसला. तो म्हणाला, की या चार मॅचमध्ये दिसलो नाही तर जूनमध्ये माझी आठवण कोणाला राहणार? सप्टेंबरात ते मला हात मिळवून घरी पाठवतील. मला दुसरं काही येत नाही. पाठ हल्ली बरी आहे, खरंच बरी आहे. थोड्याच ओव्हर टाकतो, तू ठरव किती.

तो खोटं बोलत होता हे मला कळत होतं. टेबलावर बसतानाही त्याने दोन्ही हातांवर भार घेतला होता. तरीही मी हो म्हटलं. हे मला लपवायचं नाही. मी अट घातली: दिवसाला बारा ओव्हर, एका वेळी चार, आणि दुखलं की त्याच क्षणी थांबायचं. ती मी कागदावर लिहिली, एक प्रत स्वतःकडे ठेवली, एक कोचच्या हातात दिली. त्याने वाचून मान हलवली आणि घडी करून खिशात घातली. मी सही मागितली नाही. मान हलवली म्हणजे कबूल केलं, असं मी ज्या घरात वाढले तिथे समजत.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याने पोळीचा तुकडा तसाच हातात धरला.

"रिपोर्टमध्ये काय होतं?"

"विश्रांती."

"मग बारा कुठून आले?"

बारा कुठूनच आले नव्हते. मी मनाने काढलेला आकडा होता तो, सगळ्यांनाच थोडं थोडं खूश करणारा. मी त्याच्यावरच चिडले, म्हणाले, ऑपरेशन थिएटरमध्ये बसून हे बोलणं सोपं आहे. तो पुढे जेवायला लागला. त्या दिवशी त्याने जरा जास्त भांडायला हवं होतं असं मला पुढे कितीदा वाटलं. पण तेही त्याच्या गळ्यात कशाला घालायचं.

पहिली मॅच आमच्याच मैदानावर होती. पहिल्या सकाळी मैदानाच्या कडेच्या गवतावर दंव होतं, स्टँडमध्ये मेंबर लोक ब्लँकेटं आणि थर्मास घेऊन दूरदूर बसले होते. दुपारी पाऊस आला. त्या दिवशी त्याने नऊ ओव्हर टाकल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी ढग होते, वारा होता, चेंडू हवेत वळत होता. त्याने सकाळी चार टाकल्या आणि दोन विकेट घेतल्या. जेवणानंतर चार टाकल्या, आणखी एक विकेट. कॅप्टनने त्याला थांबवलंच नाही. मी सीमेजवळ बाकावर बसून बोटांवर मोजत होते. बारावी ओव्हर संपली. मी उठून उभी राहिले, वाटलं आता तो स्वेटर मागेल. तेरावी सुरू झाली.

मी धावतच बाल्कनीत गेले. कोच दुर्बीण लावून बसला होता. मी म्हटलं, बारा झाल्या. त्याने दुर्बीण खाली न घेता सांगितलं, "त्यालाच थांबायचं नाहीये. जाऊन विचार." भर मॅचमध्ये, भर मैदानात मी कशी जाऊन विचारणार होते? चहाच्या वेळी मी त्याला गाठलं. त्याने टाचेकडे बघत सांगितलं, की दुखत नाहीये. त्या दिवशी त्याने एकोणीस ओव्हर टाकल्या, पाच विकेट घेतल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तेच, दोन चहा सांगणारे वयस्कर मेंबर जिन्यात मला भेटले आणि म्हणाले, तुम्ही त्याला छान तयार केलंत हो. पहिल्यांदाच त्यांना मी कोण ते लक्षात राहिलं होतं.

मी सरळ कोचच्या खोलीत गेले आणि सांगितलं की ठरलेलं मोडलंत, पुढच्या मॅचला माझी परवानगी नाही. तो म्हणाला, पाच विकेट घेतलेल्या माणसाला मी बाहेर बसवू? मेंबर माझी खोली फोडतील. आणि परवानगी हा शब्द जरा जपून वापर, इथे टीम मी निवडतो.

दुसरी मॅच बाहेरगावी होती. तिथे त्याने दोन डाव मिळून तेहेतीस ओव्हर टाकल्या. मी रोज बर्फ लावत होते, रोज वहीत लिहीत होते: आज मोजे घालताना वेदना, आज खोकल्यावर वेदना, कोचला सांगितलं. कोचला सांगितलं, कोचला सांगितलं. पानं भरली नुसती. एकदा मला वाटलं, त्याचे बूट घेऊन गाडीच्या डिकीत टाकावेत आणि कुलूप लावून घरी जावं. खरंच टाकायला हवे होते.

तिसऱ्या मॅचच्या पहिल्या दिवशी, उन्हं आली होती, मे उजाडला होता. त्याची सहावी ओव्हर. तो धावत आला, उडी घेतली, डावा पाय टेकला, आणि चेंडू हातातून सुटून कुठेतरी बाजूला गेला. तो गुडघ्यावर आला आणि मग हळूच, कोणी झोपवावं तसा कुशीवर आडवा झाला. ओरडला नाही. मी पोचले तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. पायाची बोटं हलव म्हटलं, हलवली. माझा हात कळतोय का विचारलं, कळतोय म्हणाला. मग माझी बाही धरून म्हणाला, "बायकोला मैदानावर येऊ देऊ नका." ती स्टँडमध्ये बसलेली होती. स्ट्रेचर येईपर्यंत मी त्याच्याजवळ गवतावर बसून होते, आणि समोरून कोच चालत येत होता, त्या तसल्या गुडघ्यांनी, घाई करत. त्या क्षणी मला त्याचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा आयुष्यात कोणाचा वाटलेला नाही.

मणका दोन्ही बाजूंनी मोडला होता.

चौथ्या दिवशी चीफ एक्झिक्युटिव्हने मला बोलावलं. कोच आधीच बसलेला होता. स्थानिक पेपरसाठी एक निवेदन टाइप करून ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं, की ही दुखापत दुर्दैवी आहे, आणि खेळाडूला मेडिकल टीमच्या सल्ल्यानुसारच खेळवण्यात आलं होतं. मेडिकल टीम म्हणजे कोण? मी एकटी. मी म्हटलं, हे खोटं आहे, आणि माझी कागदाची प्रत टेबलावर ठेवली. चीफ एक्झिक्युटिव्हने ती शांतपणे वाचली. मग माझ्याकडे वळवून, बोट ठेवून दाखवली.

"पण इथे तूच लिहिलंयस, की तो दिवसाला बारा ओव्हर टाकू शकतो. म्हणजे तू त्याला फिट म्हटलंसच."

मी म्हटलं, बारा म्हटलं होतं, एकोणीस नाही. कोच म्हणाला, ओव्हरच्या आकड्याबद्दल काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. त्याच्याच खिशात गेलेला कागद. मी वही काढली, रोजच्या नोंदी वाचायला लागले, तर चीफ एक्झिक्युटिव्ह म्हणाला, की तुझ्यावर कोणी बोट ठेवत नाहीये, हे फक्त शब्द आहेत, पेपरवाल्यांना काहीतरी द्यावं लागतं. त्याच्या आवाजात समजूत होती. लहान मुलीला घालावी तशी समजूत. मी सांगितलं, की या शब्दांना माझी संमती नाही, आणि उठले. निवेदन दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं छापून आलं.

शाळेच्या फाटकाशी बोलरच्या बायकोने मला पाहिलं आणि मुलीचा हात धरून रस्ता ओलांडला. माझी मुलगी घरी येऊन विचारायला लागली, "आई, तिचा मम्मी आपल्यावर रागावला आहे का?" तिचं मराठी मी एरवी सुधारते. तेव्हा सुधारलं नाही.

आठवड्याने मी त्याच्या घरी गेले. तो दिवाणखान्यात पाठीला पट्टा बांधून आडवा होता. मला वाटलं होतं, निदान त्याला तरी खरं काय ते माहीत आहे. तो छताकडे बघत म्हणाला, "तू नाही म्हणायला हवं होतंस."

मी भडकलेच. दार लावून माझ्याकडे कोण आलं होतं? दुखत नाही असं रोज कोण सांगत होतं? मी त्याला हे सगळं ऐकवलं, आजारी माणसाला ऐकवू नये अशा आवाजात. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, की मी खेळाडू आहे, मी विचारणारच. तुझं काम नाही म्हणायचं होतं. गाडीत बसल्यावर मी स्टिअरिंगवर हात ठेवून रडले, आणि रडण्यातला अर्धा राग माझ्यावरच होता, कारण तो बरोबर बोलला होता.

खेळाडूंच्या संघटनेकडे तक्रार करायची मी ठरवलं. पण त्याचा स्कॅन मी त्याच्या संमतीशिवाय कोणाला दाखवू शकत नव्हते, आणि तो संमती देईना. क्लब आपल्याला सांभाळून घेईल अशी त्याला आशा होती. जुलैत त्यांनी त्याला पत्र पाठवलं, की नवा कॉन्ट्रॅक्ट देता येणार नाही. तेरा वर्षांच्या नोकरीनंतर तीन ओळींचं पत्र. त्याच दुपारी त्याने मला फोन केला आणि म्हणाला, कागद आण, सही करतो.

संघटनेची माणसं आली, वही वाचली, सगळ्यांशी बोलली. त्याच्या ऑपरेशनची जबाबदारी क्लबने घ्यावी असं ठरलं आणि ती त्यांनी घेतली. हे चांगलं झालं, मान्य आहे. मला संघटनेकडून एक लेखी उत्तर मिळालं. त्यात म्हटलं होतं, की सर्व संबंधितांमधलं कम्युनिकेशन अधिक चांगलं असू शकलं असतं. सर्व संबंधित! मी रोज जाऊन सांगत होते, तोंडाने, लेखी, बाल्कनीत, खोलीत. आणखी कसं कम्युनिकेशन करायचं होतं? दवंडी पिटायची होती? छापलेलं निवेदन क्लबने कधीच दुरुस्त केलं नाही. कोचला आणखी दोन सीझन मिळाले. मी सप्टेंबरात राजीनामा दिला आणि हॉस्पिटलमध्ये परत गेले. तिथे रिपोर्टमध्ये विश्रांती लिहिलेली असेल तर मी विश्रांती म्हणते, आणि पेशंट कितीही गोड बोलला तरी मधला आकडा काढत नाही.

त्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. वर्षभराने तो नीट चालायला लागला, एका शाळेत ग्राउंड सांभाळायचं काम मिळालं. बोलिंग पुन्हा केली नाही. त्याआधी, दुखापतीनंतरच्या पहिल्याच फेब्रुवारीत, त्याच्या धाकटीच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं होतं. फाटकाशी त्याच्या बायकोनेच कार्ड हातात दिलं. आम्ही गेलो. मुली वरच्या मजल्यावर धिंगाणा घालत होत्या, आणि तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहून केक कापत होता, बसणं त्याला अजून जमत नव्हतं. त्याने मला चहा केला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की कोचचा मला कधी फोन आला होता का.

मी म्हटलं, नाही.

"मलाही नाही," तो म्हणाला, आणि केकचे तुकडे पेपर प्लेटमध्ये ठेवायला लागला.